जुनी गोळी

तिसऱ्या कपावर तिची टिचकी चुकली. नखाऐवजी बोटाचं पेर लागलं, कप डाव्या तळहातावरून निसटला आणि टेबलाखाली जाऊन फुटला. चांगला कप होता. हातात घेतानाच तिला ते कळलं होतं, आणि म्हणूनच तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"राहू द्या काकू, फुटला तर फुटला," मुकादम म्हणाला. तो असा गोड बोलायला लागला की समजावं, याच्या मनात काहीतरी शिजतंय. "तुमची तब्येत बरी दिसत नाही. घामाने केवढ्या भिजलात."

"तब्येतीचं मी बघते. तुम्ही हे बघा." तिने बाजूला काढलेल्या कपांकडे बोट केलं. बोट थरथरत होतं, ते तिने मुठीत दाबलं. "हे सगळे बाद. कानाच्या बुडाशी चिरा आहेत."

"दिसत तर नाहीत."

"दिसत असत्या तर मला कशाला बसवलं असतं इथे?"

कारखाना चिनी मातीच्या कपबशांचा होता. भट्टीतून निघालेला कप तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय खोक्यात पडत नसे. कप तळहातावर मोकळा ठेवायचा, मधल्या बोटाच्या नखाने काठाला टिचकी मारायची आणि ऐकायचं. धड कप खणखणीत वाजतो. तडा गेलेला कप, तो तडा डोळ्यांना दिसो न दिसो, बद्द वाजतो, आणि पुढे कधीतरी उकळती कॉफी ओतल्याबरोबर कुणाच्या तरी मांडीवर दुभंगतो. वर्षानुवर्षं हेच काम केल्यामुळे सगळे तिला टिचकीबाई म्हणत. तिने बाद केलेल्या ढिगाकडे बघून मालकसुद्धा तोंड वाकडं करायचा, पण बोलायचा नाही. टिचकीबाईच्या तोंडी लागायची कुणाची टाप नव्हती.

"एक सांगू का, राग नका मानू," मुकादम म्हणाला. "जुन्या गोळीवर होतात तेव्हा किती बरं होतं. काम कसं शांतपणे चालायचं. ही नवी गोळी तुम्हाला मानवत नाही, असं आपलं मला वाटतं."

म्हणजे आता मुकादमही डॉक्टर झाला. तिच्या गोळ्यांविषयी मत नाही असा माणूस या कारखान्यात उरलाच नव्हता. नवरा इथेच भट्टीवर होता, आणि भट्टीपाशी बसल्या बसल्या त्याला बोलायला हल्ली दुसरा विषय नव्हता. बायकोची कोणती गोळी बंद झाली, कोणती लागू झाली, हे माल बांधणाऱ्या पोरींनाही पाठ झालं होतं.

जुन्या गोळीवर असताना मुकादमाला ती इतकी का आवडायची, हे तिला आता पक्कं कळलं होतं. तेव्हा तिचा कान काही गेला नव्हता. बद्द आवाज तेव्हाही स्वच्छ ऐकू यायचा. ऐकल्यावर पुढे काही व्हायचं नाही, इतकंच. बद्द आहे, असं मनात यायचं आणि हात तो कप चांगल्या रांगेत ठेवून द्यायचा. ठेवला काय, काढला काय. तिने असे किती कप पास केले देव जाणे. त्यांतल्या कुठल्या कपाने कुणाची मांडी भाजली असेल, हा विचार तिला आत्ता येत होता आणि जिवाची नुसती लाही होत होती. तेव्हा हा विचार कधी तिच्याकडे फिरकलासुद्धा नव्हता.

तिने पुढचा कप उचलला. हात इतका हलत होता की कप बशीवर ठेवावा तसा आपोआप किणकिणायला लागला. मुकादम बघत होता. तिने कप खाली ठेवला आणि उठली.

---

हे सगळं सुरू झालं मुलीपासून. नवऱ्याचा मार खाऊन मुलगी एक बॅग घेऊन माहेरी आली, तेव्हा टिचकीबाई कामावर होती. घरी एकटा बाप होता. त्याने मुलीला दारातच उभं केलं. लग्न तुझ्या मर्जीने केलंस, आता तुझं तू निस्तर, म्हणाला. मुलगी उलटपावली गेली, पण नवऱ्याकडे नाही. दुसऱ्याच गावी जाऊन एका छापखान्यात कामाला लागली. संध्याकाळी त्याने ही गोष्ट बायकोला कशी सांगितली, तर दिवे गेले होते, आता आलेत, अशा आवाजात.

टिचकीबाई आधी मुलीकडे धावली. मुलगी तिच्या गळ्यात पडली, रडली, पण घरी यायला तयार झाली नाही. "ज्यांनी दारातून घालवलं त्यांनी येऊन ने म्हटलं, तर येईन," म्हणाली. चुकीचं काय होतं त्यात? मग घरी रोज एकच प्रश्न सुरू झाला. जेवताना ती विचारायची, "पोरीला आणायला कधी जाताय?" आणि तो मान खाली घालून जेवत राहायचा. हूं नाही की चूं नाही. ती ओरडायची, रडायची, ताट सरकवून उठायची. तो शांतपणे उरलेलं संपवायचा. महिनोन् महिने हे चाललं. मग आधी तिचं ओरडणं थकलं, मग भूक गेली, झोप गेली, आणि एका सकाळी उठून वेणी घालायची या कल्पनेनेच तिला इतकं दमायला झालं की ती तशीच भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

पहिल्या डॉक्टरांनी जुन्या जातीच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी झोप आली, म्हणजे अंगावर कोसळलीच. तोंड असं कोरडं पडलं की बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची. पोट दगड झालं. हातातला कप अंधुक दिसायला लागला आणि खुर्चीवरून उठलं की भोवळ यायची. टेबलावर बसल्या बसल्या तिचा डोळा लागायचा. असं चालणार कसं, म्हणून ती दुसऱ्या डॉक्टरांकडे गेली. या बाई होत्या, वयाने तिच्याहून लहान, आणि समजावून सांगणाऱ्या.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात," त्या म्हणाल्या होत्या, "काही रसायनांतून. निरोप पोचला की पाठवणारी पेशी उरलेलं रसायन परत ओढून घेते. तुमच्या या गोळ्या ते परत ओढणं अडवतात. पण जुन्या गोळ्यांचा हात जरा मोकाट, भलत्या ठिकाणीही पडतो. म्हणून ही कोरड, ही झोप, हे पोट. आता मी देते ती बहुतेक एकट्या सिरोटोनिन या रसायनावर काम करेल. याहूनही जुनी एक जात आहे, त्या गोळ्यांवर मुरवलेलं चीज खाल्लं तरी रक्तदाब भडकतो. तिच्या वाटेला आपण जायचं नाही."

"हिने काही होणार नाही ना?"

"होईल की. मळमळेल, डोकं दुखेल, घाबरल्यासारखं वाटेल. पहिले दोन-तीन आठवडे त्रास तेवढा दिसेल, गुण मागाहून येईल. तेवढं सोसा आणि मनाने बंद करू नका."

तसंच झालं. आधी मळमळलं, मग गुण आला. ती उठली, वेणी घातली, कामावर गेली. त्या गोळीने तिला अंथरुणातून उठवलं हे ती कधी नाकारत नव्हती, नाकारणार तरी कशी? पण उठवताना गोळीने आणखीही काही केलं. रडू थांबलं. हसूही तोंडापुरतं आलं. अंथरुणात नवऱ्याचा हात अंगावर पडला काय आणि पांघरूण सरकलं काय, तिला दोन्ही सारखंच. जेवताना ती जेवायची. तो विचारायचा, "मीठ बरोबर आहे ना?" ती म्हणायची, "आहे." घरात दुसरा शब्द नसे. शेजारीण म्हणाली, किती छान झालात हो तुम्ही, अगदी निवांत.

त्या निवांतपणात एकदा मुलीचा फोन आला.

"आई, मी दवाखान्यात होते."

"बरं."

"आता ठीक आहे."

"बरं."

मुलगी थांबली. काहीतरी येईल म्हणून वाट बघत असावी. मग तिनेच विचारलं, "ठेवू?"

"ठेव."

फोन ठेवून तिने राहिलेले कपडे वाळत घातले. मुलीने पुन्हा फोन केला नाही, आणि केला नाही हे तिच्या लक्षात यायलाही बरेच दिवस गेले. आलं तेव्हा ती डॉक्टरांकडे जाऊन म्हणाली, "मॅडम, मला रडू येत नाही. आणि येत नाही याचं वाईटही वाटत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "काहींना होतं असं या गोळ्यांनी," त्या म्हणाल्या. "खड्डा बुजतो, पण बाकीचंही सपाट होतं. सांगितलंत ते बरं केलंत. बदलू आपण."

ही गोळी, घरात आता जिला जुनी म्हणतात तीच, आठवड्या-आठवड्याने कमी करत आणून बंद झाली. मग नवी सुरू केली, सिरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या दोन रसायनांवर काम करणारी. "हिने घाम येईल, रक्तदाब थोडा चढेल, तो मी मोजत राहीन," डॉक्टर म्हणाल्या. "एक मात्र दोघंही नीट ऐका. ही आणि जुनी एकत्र कधीही घ्यायची नाही. घरात उरल्या असतील त्या औषधाच्या दुकानात देऊन टाका."

"मी बघतो ते," नवरा म्हणाला होता.

---

जुनी गोळी बंद होऊन नवी नुकतीच सुरू झाली होती, त्याच सुमारास एकदा जेवताना टिचकीबाईने मान वर केली आणि म्हणाली, "पोरीला आणायला कधी जाताय?"

त्याचा घास हातातच राहिला.

"दवाखान्यात होती ती. तुम्हाला माहीत होतं?"

"तूच सांगितलं होतंस तेव्हा."

"सांगितलं होतं ना? मग तुम्ही काय म्हणालात?"

त्याला आठवत नव्हतं, कारण तो काही म्हणालाच नव्हता. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्यावरचा राग होताच, पण स्वतःवरचा दुप्पट होता. त्या रात्री ती कितीतरी दिवसांनी रडली, उशीत तोंड खुपसून. आणि रडता रडता तिला बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून नवरा तिला सकाळची कॉफी करून द्यायला लागला. उभ्या आयुष्यात ज्याने गॅस कुठल्या बाजूला फिरवायचा हे पाहिलं नाही, तो पहाटे उठून कॉफी करतो म्हटल्यावर शेजारणीने गालाला हात लावला. नवरा असावा तर असा, म्हणाली. टिचकीबाईही जरा विरघळली. कॉफी कडू लागायची. "तोंडाची चव गेलीय तुझी," तो म्हणायचा, "त्या नव्या गोळीने." आणि आणखी एक चमचा साखर घालायचा.

नवी गोळी जसजशी अंगात मुरली तसतशी ती हलायला लागली. आधी हात, मग गुडघे. बसली असताना पाय आपोआप उडायचे. घामाने पदर ओला, पोट सारखं बिघडलेलं, छातीत धडधड, आणि एका जागी बसवेना. कामावर कप फुटायला लागले. डोक्यात विचार धावायचे पण एकही नीट हाती लागायचा नाही. मुलीला फोन करायचा म्हणून ती फोन घ्यायची आणि काय बोलायचं हेच सुचेना म्हणून ठेवून द्यायची.

"मी म्हणत नव्हतो?" नवरा म्हणायचा. "जुनीच बरी होती. त्या मॅडमना सांग तू. तुझं ऐकतील."

पहिल्यांदा तो हे म्हणाला तेव्हा तिने भांडं आपटलं. नंतर नंतर आपटायलाही हात स्थिर राहीना. आणि आज मुकादमासमोर कप ठेवून ती उठली, कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली आणि तिने ठरवलं. मागायची जुनी गोळी. रडू नको आणि हसू नको, पण हा हात तरी थांबू दे. हातच गेला तर टिचकीबाई म्हणून उरलं काय? पुन्हा ती सपाटी आली तर येऊ दे. मुलगी दूर आहे ती आहेच.

हे ठरवल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला नुसती चीड आली. आपण हरलो, आणि कुणापुढे हरलो तेही धड कळत नाही, याची चीड.

नवरा भट्टीवरून तिला न्यायला आला. तिचा निर्णय ऐकून त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. "शहाणी आहेस," म्हणाला.

---

डॉक्टरांनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं, पण "जुनीच द्या" यावर लगेच काही म्हणाल्या नाहीत. नाडी बघितली, रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली. मग तिला टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि रबरी हातोडी गुडघ्याखाली अलगद मारली.

पाय असा उडाला की डॉक्टरांना मागे सरकावं लागलं. त्यांनी दुसरा गुडघा पाहिला. तोही तसाच. मग तिचं पाऊल हातात धरून एकदम वर दाबलं, आणि पाऊल त्यांच्या तळहातात थाड थाड थाड आपलं आपणच उडत राहिलं. डॉक्टरांचा चेहरा बदलला. टिचकीबाईने तो बदलताना पाहिला.

"दुसरं काय घेता?"

"काही नाही. तुमची गोळी."

"सर्दीचं औषध? काढा? कुणी दिलेलं काही? आठवून सांगा."

"नाही हो मॅडम. शपथ."

"मग हे एका गोळीचं दिसत नाही मला. हा डोस इतका नाही. अंगात सिरोटोनिन फार झाल्यावर असं होतं." त्यांनी मान वळवली. "तुम्ही सांगा. घरात जुन्या गोळ्या होत्या, त्यांचं काय केलंत?"

नवरा खिडकीकडे बघत होता.

"तुम्हाला विचारतेय मी."

"थोडीशी," तो म्हणाला. "कॉफीत."

टिचकीबाईचं पाऊल अजून हलत होतं, त्याकडे ती दुसऱ्याचं असल्यासारखी बघत राहिली.

"तिच्या चांगल्यासाठीच केलं," तो घाईघाईने म्हणाला. "मी भट्टीवरचा माणूस आहे, मॅडम. भट्टी एकदम निववली की आतला माल तडकतो. दार लावून ठेवायचं आणि हळूहळू निवू द्यायचं. तुम्ही गोळी लवकर बंद केलीत असं मला वाटलं. म्हटलं, आपण जरा सावकाश घेऊ."

"हळूहळू कमी करायची हे बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या. आवाज त्यांनी मोठ्या कष्टाने खाली ठेवला होता. "आणि ते आपण केलं होतं. पुरतं करून झालं होतं. त्यानंतर तुम्ही हिला न सांगता दोन औषधं एकत्र पाजत होतात. ताप चढला असता, झटके आले असते. जीव जातो माणसाचा याने."

डॉक्टरांनी दोन्ही औषधं त्या क्षणी बंद केली आणि तिला शेजारच्या खोलीतल्या खाटेवर झोपवलं. संध्याकाळपर्यंत इथेच पडून राहायचं, दर तासाला नर्स बघून जाईल, जरा जरी जास्त झालं तर मोठ्या रुग्णालयात हलवू. मग त्या तिच्याजवळ वाकल्या. "बहुतेक दोन-एक दिवसांत उतरेल हे. थरथर जाईल, ही बेचैनी पण जाईल. नवी गोळी तुम्हाला मानवते की नाही हे आपण अजून पाहिलेलंच नाही. कळलं ना? ती वाईट ठरलेली नाही."

जाताना त्यांनी दार उघडंच ठेवलं.

---

नवरा खाटेजवळच्या खुर्चीवर बसला. तो आपल्या हातांकडे बघत होता. आचेने कातडी जाड झालेले, बोटांवरचे केस जळून गेलेले हात.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

तिला हे हात ठाऊक होते. मालक दारात उभा राहून ओरडतोय, गाडी आलीय, उघडा भट्टी, आणि हा दारापुढे हाताची घडी घालून बसलाय, असं तिने कितीदा पाहिलं होतं. उद्या, म्हणायचा. मालकाने शिव्या घातल्या तरी उद्याच. लग्नाआधी त्याच्या याच हट्टावर तर ती भाळली होती. माणसाला एकच गोष्ट येत असेल तर तो सगळीकडे तीच लावणार. मूर्खपणा केला, जिवावर बेतणारा केला, पण वेडी मायाच म्हणायची. पाय खाटेवर उडत होते तरी तिचं मन जरा खाली बसायला लागलं.

"मला विचारायचं तरी," ती म्हणाली.

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं." तिने कूस वळवली. "निववत होतात म्हणता. मग कमी कशी कशी करत आणलीत?"

"म्हणजे?"

"सुरुवातीला किती घालायचात?"

"एक."

"अख्खी?"

"हो."

"आणि काल?"

त्याने दाराकडे पाहिलं. बाहेर नर्स कुणाशी तरी बोलत होती.

"काल किती घातली?"

"एक," तो म्हणाला.

"मधे कधी अर्धी? पाव?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"रोज तेवढाच जाळ घालत राहायचं, याला निववणं म्हणतात होय तुमच्यात?" ती उठून बसली. "तुम्ही भट्टीवाले. हे मी तुम्हाला विचारायचं? मॅडमना सांगितलंत ते सांगितलंत. मलाही तेच सांगता?"

"तू शांत होतीस," तो म्हणाला. मान खाली, जेवताना असायची तशीच. "त्या गोळीवर होतीस तेव्हा जेवताना मला कुणी काही विचारत नव्हतं. चार घास नीट जायचे मला."

एवढंच बोलला. तिला वाटलं होतं तो आणखी काहीतरी बोलेल, निदान खोटं तरी. त्याच्या चार घासांसाठी. तिची पोर दवाखान्यात पडली आणि आईने बरं म्हटलं, ते याच्या चार घासांसाठी पुन्हा चालू राहायला हवं होतं. ती खणखणीत होऊ नये म्हणून हा माणूस रोज पहाटे उठत होता, गोळी कुटत होता, साखर घालत होता. आणि ती मुकाट पीत होती. वर कौतुक.

"तुम्हाला लाज नाही," ती म्हणाली. "कधी नव्हतीच. पोरीला दारात उभी केलीत तेव्हाही नव्हती. मला वाटायचं हा माणूस मुखदुर्बळ आहे, आतून खात असेल याला. काही खात नाही तुम्हाला. तुम्ही नीट जेवता."

"हळू बोल. लोक आहेत."

"असू देत."

"हा राग तुझा नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात आशा होती, खरीखुरी. "मॅडम म्हणाल्या ना, बेचैनी आहे ती औषधाची. दोन दिवसांत उतरेल. मग तुझं तुलाच वाटेल, उगाच बोलले."

"उतरू दे. मग हेच शांतपणे विचारीन." तिने हात पुढे केला. हात पानासारखा हलत होता आणि या वेळी तिने तो लपवला नाही. "फोन द्या तुमचा."

"कशाला?"

"द्या."

त्याने दिला. बोट तिसऱ्या प्रयत्नाला नावावर पडलं. मुलीचं नाव त्याच्या फोनमध्ये अजून होतं, त्याने ते पुसलं नव्हतं. पलीकडे घंटी वाजत राहिली, वाजत राहिली, आणि आता उचलणार नाही असं वाटत असतानाच आवाज आला, दबकत, विश्वास न बसल्यासारखा.

"बाबा?"

नीट बोलायचं असं टिचकीबाईने ठरवलं होतं. तोंड उघडलं आणि सगळं एकदमच बाहेर आलं. "दवाखान्यात काय झालं होतं तुला? कोण होतं जवळ? रात्री कोण थांबायचं? तू मला सांगितलंस, मी बरं म्हटलं आणि तू ठेवून दिलास? दुसऱ्यांदा करायचास ना फोन. दहादा करायचास. आईला काय झालं म्हणून शिव्या घालायच्यास मला. इतके दिवस गप्प बसलीस? गप्प बसायचं कुणाकडून शिकलीस तू?"

नर्स दारात येऊन उभी राहिली. टिचकीबाईने हाताने तिला थांबवलं.

"आई," मुलगी म्हणाली, "ओरडतेयस तू."

"हो."

"कुणावर?"

खुर्ची सरकली. नवरा उठला होता आणि नर्सच्या बाजूने वाट काढून बाहेर जायला बघत होता.

"बसा," टिचकीबाई म्हणाली.

तो परत येऊन बसला. तिने फोन त्याच्या हातात दिला, त्या जाड बोटांत नीट बसवून दिला.

"सांगा तिला," ती म्हणाली, "मी कुणावर ओरडतेय ते."

तो फोनकडे बघत राहिला. फोनमधून मुलगी हॅलो, हॅलो म्हणत होती.